पंचफुलाच्या मुठीचं माप

पंचफुलाबाई कुणाच्याही घरी गेली की दारात चप्पल काढायच्या आधी मान वर करून छपराकडे पाहायची. घरात लाकूड ओलं भरलंय की सुकं, सून चुलीपाशी बसते की चूल पेटवून बाहेर गप्पा मारते, हे सगळं आपल्याला कौलांतून निघणाऱ्या धुरावरून कळतं असा तिचा दावा होता, आणि पारडीच्या वस्तीत तो खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. एकदा ती एका घरी हळदीकुंकवाला गेली आणि वाण हातात घ्यायच्या आधीच त्या घरच्या बाईला म्हणाली, "सालईचं लाकूड काहून जाळून राहिली वं? भांडे काळे, डोळे लाल." त्या बाईने पुढच्या वर्षी तिला बोलावलंच नाही. पंचफुलाला त्याचं काही वाटलं नाही. सालई जाळणारीच्या घरचा तिळगूळसुद्धा धुरकट लागतो, असं तिचं म्हणणं होतं.

ती मूळची हिंगण्याकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन नागपुरात आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. नवरा नत्थूजी लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, कामाला होता. दिवसभर कुऱ्हाड चालवायची आणि घरी येऊन चार शब्द बोलायचे, तेही जेवणाबद्दल, असा त्याचा स्वभाव. बोलायचं सगळं काम त्याने बायकोकडे सोपवलं होतं आणि तिने ते मनापासून केलं. सासू मात्र कामाची बाई. वस्तीतल्या निम्म्या चुली तिच्या हातच्या होत्या. तिने नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात चिखलात बसवलं. तळ्याकाठची चिकण माती, तांदळाचं तूस आणि टांग्याच्या घोड्याची लीद, हे तिन्ही पायाने तुडवून रात्रभर मुरवायचं आणि सकाळी थापायला घ्यायचं. टांगेवाले तेव्हा पुष्कळ होते, त्यामुळे लिदीला तोटा नव्हता. पंचफुला टोपलं घेऊन टांग्यामागे चालली की लोक हसायचे. तीही हसायची आणि चालत राहायची.

सासूने तिला सगळी मापं अंगावरचीच शिकवली. चुलीची उंची एक वीत आणि चार बोटं. तोंड इतकं, की दोन लाकडं शेजारी बसावीत आणि तिसरं हट्टाने घुसवता येऊ नये. चुलीतून शेजारच्या वैलाकडे, म्हणजे जिच्यावर वरण नाहीतर दूध नुसत्या झळीवर ठेवतात त्या धाकट्या चुलीकडे, जाणारी वाट एका मुठीची. मूठ वळून हात आत घातला, तर तो कुठे न घासता जायला हवा. सासूची मूठ आणि सुनेची मूठ सारखीच निघाली, तेव्हा म्हातारी समाधानाने म्हणाली होती, "आता मी मेली तरी चालते." पुढे ती आणखी अकरा वर्षं जगली, ते वेगळं.

चूल घालून दिली की पंचफुला तासभर तिथेच बसून शिकवत असे. पैसे नाही दिले तरी चालतील, पण ऐकून घ्यावं लागायचं. लाकूड मनगटाएवढंच फोडा, ओंडका घालून फुंकत बसू नका. उद्याचं लाकूड आज चुलीच्या कडेला टेकवून ठेवा, म्हणजे रात्रभर सुकतं. लाकडं ठासू नका, आगीलाही श्वास घ्यावा लागतो. भाताला उकळी आली की एक लाकूड ओढून घ्या आणि वर झाकण ठेवा. स्वयंपाक झाला की जळतं लाकूड राखेत विझवा, पाणी ओतून चुलीला तडा देऊ नका. आणि सगळ्यात शेवटी, उठता उठता, बोट नाचवून एक गोष्ट ती न चुकता सांगायची: "रोज सकाळी सारवा. कोठंच भेग पडू देऊ नोका. भेग पडली का चूल गेली."

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळं तिच्यावरून घडलं.

पंच्याऐंशी साली सरकारची बिनधुराची चूल आली. वस्तीतल्या समाजमंदिरात चार दिवसांचं शिबिर झालं. शिकवायला आलेल्या सुमतीबाई शहरातल्या, चष्मा लावणाऱ्या, पण पदर खोचून चिखलात उतरणाऱ्या होत्या, त्यामुळे पंचफुलाने त्यांना पहिल्याच दिवशी पास करून टाकलं. चूल तीच, वैलही तोच. फक्त वैलाच्या मागे सिमेंटची नळी बसवायची आणि ती कौलातून बाहेर काढायची. सुमतीबाईंनी लाकडी साचा आणला होता. पंचफुलाने त्यात मूठ घालून पाहिली, तर तिच्या मुठीत आणि साच्यात केसाचा फरक नव्हता. "साहेबांनं माह्या सासूची मूठ मोजून नेली वाटते," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि सुमतीबाई चष्मा काढून हसल्या.

पहिली चूल तिने प्रयागबाईंच्या घरी घातली. प्रयागबाई साठीच्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. एकुलता मुलगा केशव हिंगण्याच्या कारखान्यात होता आणि बायको प्रेमिलाला घेऊन तिकडेच खोली करून राहत होता. त्याच्याकडे गॅस होता. आईने तिकडे यावं म्हणून तो दोन वर्षं मागे लागला होता, आणि प्रयागबाई दोन वर्षं हसून विषय बदलत होत्या. हे घर त्यांच्या मालकाने स्वतः विटा वाहून बांधलं होतं. दारात तुळस होती, समोर बोलायला बायका होत्या, आणि मुख्य म्हणजे चूल स्वतःची होती. सुनेच्या गॅससमोर पाहुण्यासारखं बसायचं आणि ताट वाढण्याची वाट पाहायची, ह्या कल्पनेनेच त्यांचा घास अडायचा. पण दमा होता. चूल पेटली की खोकल्याची उबळ यायची, ती दुपारपर्यंत छाती सोडत नसे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की धूर तरी सोडा, नाहीतर घर तरी सोडा.

नव्या चुलीने धूरच सोडवला. पहिल्या दिवशी प्रयागबाईंनी भात, वरण, वांग्याची भाजी असा साग्रसंगीत स्वयंपाक केला आणि डोळ्यांना पदर न लावता उठल्या. बाहेर येऊन नळीतून निघणाऱ्या धुराच्या बारीक दोरीकडे पाहत त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या. पंचफुलाने त्यांनाही आपली सगळी पोथी वाचून दाखवली, सारवण्याच्या अध्यायासकट. त्या हंगामात तिने वस्तीत एकेचाळीस चुली घातल्या, आणि प्रत्येक घरी सांगितलं की शंका असेल तर प्रयागबाईंना विचारा.

दिवाळी गेली, थंडी आली. माघातल्या एका शनिवारी संध्याकाळी प्रयागबाई कुंडीतली तुळस छातीशी धरून पंचफुलाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चारच घरं चालून आल्या होत्या, तरी श्वास पुरत नव्हता.

"पंचफुला, एवढी माही तुळस सांभाळशील वं? रोज तांब्याभर पानी घाल फक्त."

"काहून? कोठी चालल्या मावशी?"

"उद्या केशव रिक्षा घेऊन येऊन राहिला. हिंगण्याले." प्रयागबाई ओट्यावर टेकल्या आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. दीड महिना चूल परत धूर करत होती. आधी थोडा, मग डोळे चुरचुरावेत इतका. प्रयागबाई दार सताड उघडं टाकून, भर थंडीत वाऱ्यात बसून स्वयंपाक करत होत्या आणि कुणाला बोलत नव्हत्या. गेल्या रविवारी केशव अचानक आला तेव्हा आई चुलीपाशी भिंतीला धरून खोकत होती, आणि घर धुराने भरलेलं होतं.

"अन् मले नाही सांगतलं?" पंचफुलाचा आवाज चढला. "माही चूल दीड महिना धूर करून राहिली, अन् मलेच माईत नाही?"

"तुले सांगतलं असतं तं तू साऱ्या वस्तीले आयकू जाईल असं बोलली असती. केशवले समजलं असतं." प्रयागबाईंनी कुंडी पुढे केली. "तो म्हनते, चूल फोडूनच जाऊ. नाही फोडली तं तू आठ दिवसांत पळून येशील. खरंच आहे ते. आली असती मी."

त्या रात्री पंचफुलाला भाकर गोड लागली नाही. तिचं नाव जाईल, ही भीती होतीच, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त तिला ती तुळस सलत होती. प्रयागबाईंनी कुंडी देताना हात सोडायला वेळ लावला होता.

रविवारी उजाडताच ती बांबू, चिंध्या आणि नत्थूजीने टालीवरून आणलेली धावड्याची चार सुकी लाकडं घेऊन प्रयागबाईंकडे पोचली. आत पेटी बांधून ठेवलेली होती आणि तिच्यावर घडी केलेली गोधडी. पंचफुलाने तिकडे पाहायचं टाळलं. कौलावर चढून तिने नळीच्या तोंडावरच्या टोपीत हात घातला. एखाद्या चिमणीने घरटं केलेलं असावं, अशी तिने मनोमन प्रार्थना केली होती, पण आत काडीसुद्धा नव्हती. बांबूला चिंधी बांधून तिने नळी वरपासून खालपर्यंत घासली. ओंजळभर काजळी पडली, तेवढी तर पंधरा दिवसांत साचतेच. खाली येऊन प्रयागबाईंचं लाकूड गुडघ्यावर मोडलं, तर ते कडकन् मोडलं. बाभळीचं, चांगलं सुकलेलं. जास्तीची राख काढलेली. चूल तर अशी गुळगुळीत, की वस्तीतल्या दुसऱ्या कुठल्या घरी इतकी देखणी चूल नसेल. कुठे भेग नाही, टवका नाही.

तिने धावडा पेटवला. ज्वाळा उठली, आत जायला निघाली, अडखळली, आणि सगळा धूर परत फिरून चुलीच्या तोंडातून पंचफुलाच्या तोंडावर आला. मागे प्रयागबाईंना ठसका लागला. पंचफुलाने घाईने लाकडं राखेत खुपसली आणि ती तशीच उकिडवी बसून राहिली. वीस-बावीस वर्षं चुली घातल्या, पण चुलीने तिला असं तोंडघशी कधी पाडलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि ते धुरामुळे आलं असं समजायची सोय होती, म्हणून तिने येऊ दिलं.

तेवढ्यात बाहेर सायकलरिक्षाची घंटी वाजली. केशव आत आला. त्याच्या खांद्यावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, होती. तो काही वाईट मुलगा नव्हता. चेहरा असा ओढलेला होता, की रात्रभर झोपला नसावा.

"काकू, तुमच्यावर राग नाही माहा," तो पंचफुलाला म्हणाला. "पन मायले मी आता धुरात ठेवत नाही. चूल फोडतो अन् निघतो."

"मले थोडा टाइम दे गा केशव."

"दीड महिना झाला काकू."

"पाच मिनिटं दे. तवरोक रिक्षावाल्याले पानी पाज."

केशव सब्बल भिंतीला टेकवून उंबऱ्यावर बसला. प्रयागबाईंना नुसतं बसवलं नसावं, किंवा हातांना सवयच असेल. त्यांनी कोपऱ्यातलं कालवलेल्या शेणमातीचं मडकं ओढलं, पोतेऱ्याचं फडकं त्यात बुडवलं, आणि पाच मिनिटांनी फुटणारी चूल सारवायला घेतली.

"माय, काय करून राहिली?" केशव वैतागून म्हणाला. "फोडायची आहे न ते!"

"फुटंल तवा फुटंल. पारोशी काहून राहू देऊ?"

पंचफुला पाहत राहिली. प्रयागबाईंचा हात चुलीच्या माथ्यावरून फिरला, कडेने उतरला, तोंडातून आत गेला. आतल्या भिंतींवर फिरला. मग त्यांनी फडक्याला पीळ देऊन ते बोटांभोवती गुंडाळलं, आणि ती दोन बोटं चुलीतून वैलाकडे जाणाऱ्या वाटेत घालून गोल गोल फिरवली. मायेने, एखाद्या लेकराचा कान पुसावा तशी. दोनच बोटं, कारण तिसरं जात नव्हतं.

"मावशी!" पंचफुला इतक्या जोरात ओरडली की बाहेर रिक्षावाला उठून उभा राहिला. "आतूनबी सारवता तुमी?"

"तं! तूच तं सांगतलं होतं. कोठंच भेग पडू देऊ नोका."

"रोज?"

"येक दिवस चुकवला असंल तं माहा हात झडो."

पंचफुलाने त्यांना जवळजवळ ढकलूनच बाजूला केलं, मूठ वळली आणि आत घातली. मूठ वाटेच्या तोंडाशीच अडली. जिथून तिचा हात कोपरापर्यंत जायचा, तिथे आता लिंबाएवढं भोक उरलं होतं. सहा महिने, रोज सकाळी, एक पातळ हात. आगीने तो भाजायचा, घट्ट व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर नवा हात बसायचा. नळी मोकळी, लाकूड सुकं, आणि मधे वाटच बुजत चाललेली. धूर बिचारा जाणार कुठे?

"केशव, सब्बल आन!"

केशवला वाटलं, बाईने हार मानली. त्याने सब्बल दिली. पंचफुलाने ती टोकाजवळ आखूड धरली आणि आत घालून अगदी हलक्या हाताने खरवडायला लागली. पहिला पापुद्रा निघाला. मग दुसरा. मग एकदम तळहाताएवढी कपची सुटून राखेत पडली. केशवने ती उचलून उजेडात धरली. कडेला सगळे थर दिसत होते, एकावर एक, पोळीचे पदर सुटावेत तसे, प्रत्येक थर त्याच्या आईच्या एकेका सकाळचा. तो ती कपची हातात धरून उभाच राहिला.

"इतकं सारवलं मायनं?" तो हळूच म्हणाला.

"मी सांगतलं म्हनून," पंचफुला हात न थांबवता म्हणाली. "तिची काही चूक नाही. जुन्या चुलीत चालत होतं, तवा धूर वाटंल तिकून जाये. ह्या चुलीले येकच वाट, अन् ते बुजवाले मीच सांगतलं. चूक माही आहे, आयकलं? सांग साऱ्याइले. मी नाही म्हननार नाही."

शेवटी तिने सब्बल ठेवली आणि मूठ वळली. हात कोपरापर्यंत आत गेला, कुठेही घासला नाही. राख झाडून तिने धावड्याची दोन लाकडं शेजारी शेजारी ठेवली, खाली काड्या घातल्या आणि काडी ओढली. ज्वाळा उठली, क्षणभर जागच्या जागी थरथरली आणि मग खाली मान घालून सरळ वाटेने आत शिरली. आतून, दीड महिन्यानंतर, नळीने धूर ओढला की येतो तो ओळखीचा बारीक घुमणारा आवाज आला. घरात धुराचा एक धागा नव्हता. प्रयागबाई तोंडाला पदर लावून ठसक्याची वाट पाहत होत्या. ठसका आलाच नाही. त्यांनी पदर खाली घेतला, एक श्वास घेतला, मग आणखी एक, आणि मुलाकडे पाहिलं.

केशव बाहेर जाऊन छपराकडे पाहून आला. नळीतून धुराची दोरी सरळ वर चढत होती. तो आत आला, पेटीजवळ बसला आणि तिची दोरी सोडायला लागला. गाठ घट्ट होती. त्याने ती दाताने सोडवली. प्रयागबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं, आणि ते लपवायला त्यांनी चहाचं आधण ठेवलं, रिक्षावाल्यासकट सगळ्यांचं.

"पन एक सांगतो," केशव बशीत चहा ओतत म्हणाला. "मी दर रविवारी येऊन मूठ घालून पाहीन. गेली नाही, तं पेटी बांधायची."

"तुही मूठ चालत नाही गा," प्रयागबाई म्हणाल्या. "मोठी आहे तुही. माप पंचफुलाच्या मुठीचं आहे."

"मंग माहीच आणीन," पंचफुला म्हणाली. "अन् मावशी, बाहेरून रोज सारवा, दोनदा सारवा, पन त्या वाटंत बोट घालाल तं पाहा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वस्तीत कुणाला तरी *सारवू नका* असं सांगायची वेळ तिच्यावर आली होती, आणि ते तोंडातून काढताना तिला स्वतःलाच कसंसं झालं.

तिला हलकं वाटत होतं. पाय पसरून भिंतीला टेकावं, दुसरा कप मागावा आणि आजच्या दिवसाची गोष्ट सुरुवातीपासून मोठ्याने सांगावी, असं फार वाटत होतं. तिने कपातला शेवटचा घोट घेतला, आणि कप तसाच हातात राहिला. उठता उठता बोट नाचवून सांगितलेली ती शेवटची गोष्ट तिने एकेचाळीस घरी सांगितली होती. त्यातल्या किती घरी आज दार सताड उघडं टाकून, कुणाला न सांगता, एखादी बाई खोकत बसली असेल, ते तिला माहीत नव्हतं. पंचफुलाने वेळेवर विचारलंच नव्हतं. सांगितलं मात्र पोटभर.

ती उठली आणि भिंतीला टेकवलेली सब्बल उचलून खांद्यावर घेतली.

"काकू, कोठी?" केशव म्हणाला. "बसा न, अजून एक चहा होऊन राहिला."

"हे सब्बल मी घेऊन जातो गा केशव," पंचफुला दारातून म्हणाली. "अजून चाळीस घरं राहिले." मग दोन पावलं जाऊन ती मागे वळली. "अन् मावशी, ते तुळस घेऊन जा आपली. मले नाही जमत रोजचं पानी घालनं."